वजनाचा धंदा : उद्यमबागेतला एक खोका कारखाना

२०२२ च्या जूनचा शेवटचा आठवडा. पावसाची झड लागली होती आणि मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका खोक्यांच्या कारखान्यात हिशेबाचे कागद घ्यायला गेलो होतो. गोदामात ओल लागू नये म्हणून घातलेल्या फळ्यांवर पारदर्शक प्लास्टिक फिल्मचे रोल उभे करून ठेवले होते. मी मोजले, एकोणीस भरले. मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची ही फिल्म १ जुलैपासून देशभर बंद होणार होती आणि हातात चार दिवस उरले होते.

"साहेब, हे आता कुठल्या खात्यात घालूया?" कारखान्याचे मालक अण्णांनी विचारलं.

मालात धरायचं की नुकसानीत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी नुकसानीत म्हणालो. त्यानंतरच्या तीन-साडेतीन वर्षांत या कारखान्याचं काय काय झालं ते मी हिशेबाच्या वह्यांतून पाहिलं, आणि बऱ्याचदा समोर बसूनही. अण्णांना विचारूनच इथे लिहितोय, नावं मुद्दाम गाळली आहेत. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, गोकाक या पट्ट्यात असे डबेवाले-खोकेवाले पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांपुढे आज हाच पेच आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

कारखाना आणि त्याची तीन राज्यांतली गिऱ्हाइकं

घरचे तिघे, म्हणजे अण्णा, त्यांचा मुलगा आणि सूनबाई, आणि चौदा कामगार. एका शेडमध्ये तीन प्लाय आणि पाच प्लायचे, म्हणजे तीन आणि पाच थरांच्या पुठ्ठ्याचे खोके होतात. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या मशीन शॉपमधले तयार सुटे भाग त्यात भरून पुण्याकडे जातात. दुसऱ्या शेडमध्ये मिठाईचे डबे. बेळगावचा कुंदा, गोकाकचं करदंट, लग्नसराईत मांडे. गिऱ्हाईक बेळगावात आहे, गडहिंग्लजला आणि कोल्हापूरला आहे, चोर्ला घाट उतरून गोव्यातही आहे. एकाच डब्यावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही छपाई लागते.

सीमेवर धंदा करणाऱ्याला कायदा हप्त्याहप्त्याने भेटतो. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, फ्लेक्स, ताटं, पेले, चमचे बंद केले. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला आपली बंदी काढली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून दंड सुरू केला. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि कैदही. बेळगावातून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात शिनोळी लागते, म्हणजे महाराष्ट्र लागतो. गडहिंग्लजचा दुकानदार फोनवर सांगायचा, "फिल्म अजिबात नको, दंड कोण भरणार?" बेळगावातली दुकानं मात्र फिल्म मागतच होती. अण्णांनी एकाच मिठाईचे दोन प्रकारचे डबे करून दोन कोपऱ्यांत ठेवले आणि चार वर्षं तसंच चालवलं. प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत केंद्राने १२ ऑगस्ट २०२१ ला केलेल्या दुरुस्तीने हा दुपेडी कारभार संपला. मिठाईच्या डब्यांवरची, निमंत्रणपत्रिकांवरची आणि सिगारेटच्या पाकिटांवरची फिल्म १ जुलै २०२२ पासून बंद, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. वाचायला दहा महिने होते. आमच्याकडे कुणी वाचलं नाही. त्यात मीही आलो, आणि हिशेब बघणाऱ्या माणसाने तरी वाचायला हवं होतं ही टोचणी अजून आहे.

मूळ पेच : किलो

या प्रकरणाकडे 'प्लास्टिक गेलं, कागद आला' असं पाहिलं तर खरा पेच हाती लागत नाही. खोक्याच्या धंद्यात भाव किलोवर निघतो. कागदाचा किलोचा दर, त्यावर कन्व्हर्जन म्हणजे घडणावळ, तीही किलोमागे. खोका जड तर बिल मोठं. पाच प्लायच्या जागी चांगल्या कागदाचा तीन प्लायचा खोका पुरत असेल तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात, झाड वाचतं, ट्रकचं डिझेल वाचतं, आणि खोकेवाल्याचं बिल खाली येतं. अण्णा मला त्या जुलैत म्हणाले होते, "साहेब, मी कागद विकून खातो. कागद कमी लावा म्हणून मीच गावभर सांगूलालो तर घर कसं चालायचं?"

हा प्रश्न मला अतिशय रास्त वाटला, आजही वाटतो. पर्यावरणाची जबाबदारी म्हणजे कमी वापरा, परत वापरा. आणि धंद्याची कमाई म्हणजे जास्त खपवा. दोन्ही गोष्टी एकाच वहीत बसवायच्या तर बिल कशावर फाडायचं तेच बदलावं लागणार होतं. सामान बदलणं त्या मानाने सोपं.

कागदाने तरी कुठे स्वस्थ बसू दिलं होतं? चीनने १ जानेवारी २०२१ पासून रद्दीची आयात पूर्ण बंद केली. तिथल्या गिरण्यांना लगदा कमी पडला, तो आपल्याकडून जाऊ लागला आणि इथे क्राफ्टचे, म्हणजे खोक्याच्या तपकिरी कागदाचे भाव भडकले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून खोक्यांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. वजनावर चालणाऱ्या धंद्याला कच्च्या मालाच्या भावाचा झटका पुरता बसतो, कारण बिलात कागदाखेरीज फारसं काही नसतंच. कल्पकता, रचना, वेळेवर पोचवणं या गोष्टी अण्णा वर्षानुवर्षं फुकट देत होते.

कुंद्याचा डबा

जुना डबा असा होता. करड्या पाठीचा ड्युप्लेक्स बोर्ड, चार रंगांत छपाई, त्यावर चकाकीसाठी बीओपीपीचं, म्हणजे पातळ प्लास्टिकचं लॅमिनेशन, आत तूप झिरपू नये म्हणून प्लास्टिकचा कागद, आणि वरून ती फिल्म. दिसायला कागदाचा डबा, पण प्लास्टिक तीन ठिकाणी. लॅमिनेशन केलेला पुठ्ठा रद्दीवाला घेत नाही, कारण कागद गिरणीत भिजवताना वरचा पापुद्रा सुटत नाही, अडकतो. मग तो पुठ्ठा शहराच्या कचऱ्याबरोबर तुरमुरीच्या कचरा डेपोत जातो. कायद्याने फक्त वरची फिल्म काढायला सांगितली होती. सूनबाईंचं म्हणणं पडलं की हात घातलाच आहे तर तिन्ही काढू.

आधी एक चूक झाली. मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याने 'बायो' म्हणून फिल्म दिली. वर हिरवं पान छापलेलं, भाव दुपटीहून जास्त. कंपोस्टेबल प्लास्टिकला आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही ते मागितल्यावर तिसऱ्याच कुणाच्या नावाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आली. पैसे परत मिळाले नाहीत. आणि खरा माल असता तरी? त्या मानकातली चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या खताच्या ढिगात होते. दारातल्या उकिरड्यावर ती ऊब कुठली? या वस्तूंना हॉटेलांच्या, महापालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या मोठ्या व्यवस्थेत जागा असेल. पुण्याच्या बसमध्ये मांडीवर घेऊन जायच्या डब्याला ती नाही.

मग चाचणी घेतली, आणि ती मी पाहिली. शहापूरकडच्या एका मिठाईवाल्याच्या भटारखान्यात स्टीलच्या टेबलावर सहा डबे मांडले. कुंदा म्हणजे खवा आणि साखर, तांबूस होईपर्यंत आटवलेली. गरम असताना त्याला तूप सुटतं. सूनबाईंनी प्रत्येक डब्यावर पेनने वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी उमटलेले तुपाचे डाग त्यांनी पेन्सिलीने गोल करून ठेवले, संध्याकाळी परत, तिसऱ्या दिवशी परत. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकात एक गोल. सहाही डब्यांत गळती कोपऱ्यातूनच झाली होती. मधला कागद कुठलाही असो, कोपऱ्यात तो कापून जोडलेला होता आणि तूप बरोबर त्या फटीतून उतरलं होतं. आणखी एक गोष्ट दिसली. चार डब्यांच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब होते. कुंदा कोमट असतानाच भरला होता. रात्रीच्या पुण्या-मुंबईच्या बसची गिऱ्हाइकं संध्याकाळी येतात, तेव्हा घाई असते.

इतकी वर्षं ज्याला आम्ही डब्याचा दोष समजत होतो तो अर्धा भट्टीच्या वेळेचा होता. दुकानाने कुंद्याची शेवटची भट्टी दोन तास अलीकडे घेतली. आतला कागद सूनबाईंनी न कापता दुमडायला लावला, चारही कोपरे कागदाच्या होडीसारखे आत वळवून. तूप न शोषणारा ग्रीसप्रूफ कागद, त्याचा असा अखंड ट्रे. फट नाही तर गळती नाही. चकाकीसाठी लॅमिनेशनऐवजी पाण्याच्या बेसचं व्हार्निश. हे व्हार्निश पावसाळ्यात वाळत नाही, डबे एकमेकांना चिकटतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे हवा कशी असते ते सांगायला नको. दोन लॉट फुकट गेले, मग छपाईच्या शेडमध्ये पंख्याची रांग लावली आणि गठ्ठे लहान केले. वरची फिल्म गेल्यावर डबा उघडणार नाही याची हमी कशी द्यायची? अण्णांनी जुना तोडगा काढला, पांढरा सुती दोरा. पूर्वी दुकानात वर टांगलेल्या रिळातून यायचा तो.

डबा तयार झाला, आणि मिठाईवाल्याने तो नाकारला.

कारण समजायला वेळ लागला. भाव जवळपास तोच होता. डबा दीड सेंटिमीटरने बसका केल्यामुळे आतली मोकळी हवा गेली होती, रंग चाराचे दोन झाले होते, त्यामुळे खर्च भरून निघाला होता. अडचण होती ती हलकेपणाची. सूनबाई दुकानात उभ्या राहून बघत होत्या. काट्यावर डबा ठेवायचा, त्यात कुंदा घालायचा, अर्धा किलो झाला की झाकण. म्हणजे डब्याचं वजन मिठाईत धरलेलं. त्यांनी रिकामा जुना डबा काट्यावर ठेवायला सांगितला, ७८ ग्रॅम. नवा ५२. समजा मिठाई ५०० रुपये किलो आहे, तर ७८ ग्रॅम पुठ्ठ्याचे ३९ रुपये होतात. २६ ग्रॅमने डबा हलका झाला की दर डब्यामागे १३ रुपये दुकानाचे गेले.

वैधमापनाच्या नियमात निव्वळ वजन म्हणजे वेष्टन सोडून वजन, यात शंकेला जागा नाही. तरी काउंटरवर जड डबा गावोगाव चालतो, आणि हलक्या वेष्टनाच्या वाटेतला हा मोठा धोंडा आहे असं माझं मत झालं आहे. अण्णा किलोवर कमावत होते, दुकानही किलोवर कमावत होतं, दोघांनाही डबा जडच हवा होता आणि त्याचे पैसे तिसराच देत होता. हे ऐकून मला राग आला होता हे लपवत नाही. सूनबाई मात्र शांत होत्या. दुकानमालकांना त्या म्हणाल्या, "काका, गोव्याला आणि पुण्याला जाणारा माल तुम्ही बंद डब्यात देता, त्यावर निव्वळ वजन छापताच की. मग काउंटरवर वेगळं कशाला? उद्या कुणी मोबाइलवर काट्याचा व्हिडिओ काढला तर?" मालकांच्या मुलाला ते पटलं. आता तिथे आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून शून्य करतात. कुंद्याचा दर त्यांनी थोडा वाढवला आणि तो उघडपणे पाटीवर लिहिला. गिऱ्हाईक गेलं नाही.

छापून पडलेला माल

माझ्या वहीत दिसलेली सगळ्यात मोठी बचत यातली नाहीच. ती छापील डब्यांच्या शिलकीतली आहे. दुकानाचा फोन बदलला, शाखा वाढली, परवान्याचा क्रमांक बदलला की आधी छापून ठेवलेले डबे रद्दीत. मोठ्या संख्येत छापलं तर छपाई स्वस्त पडते म्हणून सगळे जास्त छापतात आणि मग टाकतात. दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही हा माल लिहून काढत होतो आणि त्याला कुणी कचरा म्हणत नव्हतं, 'डेड स्टॉक' म्हणत होते. अण्णांनी आता तीन मापांचे साधे, छपाई नसलेले डबे ठेवले आहेत. दुकानाचं नाव, भाषा, तारीख हे सगळं वरून चढवायच्या कागदी पट्टीवर. गोव्याच्या दुकानाची पट्टी वेगळी, गडहिंग्लजची वेगळी, डबा एकच. दुकानदाराला दोनशे पट्ट्याही मिळतात. बदल झाला तर पट्टी वाया जाते, डबा राहतो. या पट्टीच्या रचनेचे पैसे कारखाना आता वेगळे लावतो, आणि बिलावर 'किलो' ऐवजी 'नग' लिहितो. वह्या बघणाऱ्याला हा एक शब्द बदललेला दिसला तेव्हा फार बरं वाटलं.

क्रेट

खोक्यांच्या शेडची कथा निराळी. तिथे धक्का कायद्याने दिला नाही. ईपीआर म्हणजे प्लास्टिक वेष्टनाबाबत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, पण सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना तीतून वगळलं होतं, म्हणून इथे सगळे निर्धास्त होते. पण सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १ हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्यांनी पुरवठादारांना विचारायला सुरुवात केली. पुण्याच्या कंपनीकडून एक फॉर्म मच्छेच्या मशीन शॉपमध्ये आला, तिथून अण्णांकडे आला. तुमच्या खोक्यात पुनर्वापराचा कागद किती? एका नगामागे वेष्टन किती ग्रॅम? परत वापरता का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, आपल्याकडचा बराचसा क्राफ्ट रद्दीपासूनच बनतो. तिसऱ्याने झोप उडाली. मशीन शॉपचा मालक परत येणाऱ्या प्लास्टिक क्रेटचा विचार करत होता. तसं झालं तर अण्णांच्या खोक्यांचं मोठं काम बंद. बापलेकांचे त्यावरून दोन महिने वाद झाले. मुलाचं म्हणणं, क्रेट आपणच आणू आणि फेरीवर भाडं घेऊ. अण्णांचं म्हणणं, "आपल्याच दुकानात आपल्या वैऱ्याला बसवूलालास."

मी आकडे मांडून दिले. ते उदाहरणादाखल असे. खोका ४५ रुपयांचा, एकदाच वापरायचा. क्रेट ६०० रुपयांचा, ५० फेऱ्या टिकणारा. क्रेट हरवलाच नाही तर फेरीमागे १२ रुपये झीज, परत आणायचे ८, धुणं-दुरुस्ती ४, म्हणजे २४. खोक्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. पण दर फेरीत शंभरातले दोन हरवले तर सरासरी क्रेट ३२ फेऱ्यांतच संपतो, झीज १९ रुपये, एकूण ३१. शंभरातले चार हरवले तर २२ फेऱ्या, झीज २७-२८ आणि एकूण ४०. उरलेल्या पाच रुपयांत कारखान्याने किती घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला किती सोडायचे? म्हणजे या धंद्याचा जीव प्लास्टिकच्या दर्जापेक्षाही हरवण्याच्या प्रमाणात आहे. वापरलेला क्रेट परत आला नाही तर तो खोक्याहून महाग पडतो आणि निसर्गाला जास्त जड जातो, कारण त्यात प्लास्टिक भरपूर असतं.

पहिल्या चार महिन्यांत क्रेट भराभर हरवले. काही टोमॅटो भरायला गेले, काही पाणी साठवायला, एक तर मी स्वतः चहाच्या टपरीवर बसायला वापरलेला पाहिला. मग मुलाने प्रत्येक क्रेटवर तापलेल्या लोखंडी ठशाने क्रमांक उमटवला, रंग असा निवडला की भाजी मार्केटमध्ये कुणी वापरत नाही, आणि ट्रकचालकाला परत आणलेल्या क्रेटमागे रोख पैसे द्यायला सुरुवात केली. पुण्याहून परतणारा ट्रक एरवी मोकळाच येतो. चालकाला पैसे दिल्यावर हरवणं शंभराला दीडवर आलं. अनामतीची अट गिऱ्हाइकाने मानली नव्हती. चालकाच्या खिशात घातलेल्या दोन रुपयांनी जे केलं ते करारातल्या कलमाने केलं नसतं.

सगळे खोके क्रेटमध्ये गेलेले नाहीत. परदेशी जाणारा आणि एकदाच जाणारा माल पुठ्ठ्यातच जातो. तिथे अण्णांनी पाच प्लायचे काही खोके तीन प्लायवर आणले. पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठ्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते, म्हणून जून ते सप्टेंबर जाड खोका आणि एरवी हलका, अशी दोन मापं ठेवली. वर्षभर पावसाळ्याचा खोका विकणं अण्णांना आधी बरं वाटायचं. आता ते स्वतःच गिऱ्हाइकाला महिना विचारतात.

जिथे हात घातला नाही

चंदगडकडच्या एका काजूवाल्याने त्याची अनेक थरांची पिशवी बदलून कागदी द्या म्हणून विचारलं होतं. अण्णांनी नाही म्हटलं. काजूला हवा आणि ओल लागली की तो खवट होतो. पिशवी वाचवून किलोभर काजू फेकला तर कुणाचं भलं? हा नकार मला आवडला.

दोन दुखणी

शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतल्या सोळा बायका या कारखान्याचे डबे घरी नेऊन जोडतात. शेकड्यावर मजुरी. नव्या ट्रेचे चार कोपरे दुमडायला वेळ जास्त लागतो, आणि पहिल्या महिन्यात मजुरी जुनीच राहिली. एका मावशींनी मला बोटं दाखवली. ग्रीसप्रूफ कागदाची कड धारदार असते, बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडल्या होत्या आणि त्यात खळ लागून झोंबत होतं. "दिवसाला पाचशे व्हायचे डबे, आता तीनशे बी होईनात," त्या म्हणाल्या. हिरव्या डब्याचा खर्च तोवर त्यांच्या अंगावर पडत होता, आणि तो कुठल्याच वहीत नव्हता. सूनबाईंना सांगितलं, त्या स्वतः बसून शंभर ट्रे दुमडून आल्या, घड्याळ लावून. शेकड्याचा दर वाढला, कागदाला आधीच घडी पाडून द्यायला सुरुवात झाली. हे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं.

दुसरं दुखणं बँकेचं. लघुउद्योगाला खेळत्या भांडवलाची मर्यादा नायक समितीच्या सूत्राने, म्हणजे अंदाजित उलाढालीच्या २० टक्के धरून मिळते. कागद कमी लागला, उलाढाल खाली आली, नफा थोडा वर गेला. बँकेने उलाढाल पाहिली आणि मर्यादा कमी करायचं पत्र पाठवलं. क्रेट घ्यायला रोकड सगळ्यात जास्त लागत होती त्याच वर्षी. मी तीनदा जाऊन भाड्याचे करार, फेऱ्यांची नोंद, हरवण्याचं प्रमाण दाखवलं. अधिकारी सज्जन होते, पण त्यांच्या तक्त्यात 'फेरी' नावाचा रकाना नव्हता. शेवटी घरचं सोनं ठेवून क्रेट आले. कमी सामान वापरणाऱ्या कारखान्याला कर्जाच्या सूत्रात आजारी धरलं जातं, याबद्दल व्यापारी संघटनांनी बोललं पाहिजे. नुसत्या प्रमाणपत्रांच्या कार्यक्रमांनी भागणार नाही.

करानेही आता हलक्या खोक्याच्या बाजूने एक कौल दिला आहे, नकळत. खोक्यांवरचा जीएसटी २०२४ च्या जुलैत परत १२ झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५. त्याच दिवशी क्राफ्ट कागद मात्र १२ वरून १८ वर गेला. कागद घेताना १८ भरायचे, खोका विकताना ५ वसूल करायचे, मधले पैसे परतावा येईपर्यंत अडकून. जितका किलो जास्त तितके अडकलेले पैसे जास्त.

लॅमिनेशनचं मशीन अजून शेडमध्ये आहे, ताडपत्री घालून. विकायला अण्णा तयार नाहीत. यंदा दिवाळीआधी एका जुन्या दुकानाने पारदर्शक खिडकीचा डबा मागितला, शेजारच्या दुकानात तसा आला म्हणून. सूनबाईंनी खिडकीच्या जागी मांड्यांच्या घडीची नक्षी उठावात दाबून एक नमुना केला आहे. मी गेलो तेव्हा तो टेबलावर काट्याशेजारी ठेवलेला होता. अण्णांनी तो उचलला, तळहातावर तोलला, आणि सवयीने विचारलं, "किती ग्रॅम?" दुकानदार सोमवारी येऊन बघणार आहे.